काळा पडलेला ओटा : ताडोबाच्या कोलारा बाजूच्या एका होमस्टेचं प्रकरण

एका होमस्टेच्या सूनबाईंचा फोन आला तेव्हा माझ्या अंगणात लाकडी बैल वाळत होते. पोळ्याआधीचे आठ-दहा दिवस आम्हा पॉलिशवाल्यांचे त्यातच जातात. तान्ह्या पोळ्याला पोरांच्या हाती चकचकीत बैल पाहिजे, चाकं फिरली पाहिजेत, शिंगं लाल पाहिजेत. त्यामुळे फोनवर मी अर्धंच ऐकलं. "भाऊ, ओटा पुरा काळा पडला. एक तारखेला गेट उघडते. त्याच्या आत स्टेन मारून द्या नं."

गेट म्हणजे ताडोबाचं. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअरमधली सफारी बंद असते आणि 1 ऑक्टोबरला पुन्हा सुरू होते. चिमूर तालुक्यात, कोलारा गेटच्या बाजूला ज्यांनी राहत्या घराला दोन-चार खोल्या जोडून होमस्टे काढले, त्यांचं वर्षच त्या तारखेला सुरू होतं. हे घरही त्यातलंच. मालक म्हणजे झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, पण कारभार सारा सूनबाईंचा.

2024चा पोळा 2 सप्टेंबरला होता. तान्हा पोळा उरकून 4 तारखेला सकाळी मी तिथे पोचलो. रात्री पाऊस येऊन गेला होता आणि कवेलूंवरून अजून पाणी ठिबकत होतं.

घरापुढे साधारण वीस फूट बाय दहा फुटांचा लाकडी ओटा. पाहुणे त्याला डेक म्हणतात. त्यावर चार खांबांची कवेलूची छपरी, तिन्ही बाजूंना बाभळीच्या दांड्यांचा कठडा, त्यात बांबूच्या कामट्या भरलेल्या, आणि मधोमध बंगई, म्हणजे झोपाळा. 2021 साली बांधलेलं सगळं. आणि सगळं काळं. कुठे ठिपके, कुठे ओघळ, कुठे शाई सांडल्यासारखे डाग, कुठे नुसती राखाडी कळा. बंगईच्या फळीवरून बोट फिरवलं तर बोटाला काजळ लागत होतं.

मी अंगणातूनच निदान केलं. बुरशी आहे, हायपो मारू, घासू, वाळलं की स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग. तीस वर्षं हा धंदा केल्यावर माणूस असंच करतो, बघण्याआधीच ओळखतो. पुढे जे झालं ते इतकं तपशिलात लिहितोय ते त्यासाठीच.

ज्या खांबावर मी पहिला हात टाकला तो पायऱ्यांजवळचा. कोविडात ग्रामपंचायतीने गावभर फवारलं होतं तेच हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. डब्यावर 5 टक्के लिहिलेलं. एका भागाला तीन भाग पाणी घालून खांबाला लावलं, दहा मिनिटं थांबलो, घासलं, धुतलं. खांबाचा वरचा भाग झकास उजळला. खालचे चार फूट मात्र जसेच्या तसे, बारीक काळ्या ठिपक्यांनी भरलेले. मी पुन्हा लावलं, या वेळी जरा कडक. ठिपके हलले नाहीत, उलट लाकडावर पांढरी लव फुटली. हायपो बुरशीला मारतं तसं लाकडातल्या लिग्निनलाही खातं, आणि धाग्यांना धरून ठेवणारा चिकटा तोच. तो गेला की धागे मोकळे होऊन उभे राहतात. थोडक्यात, ठिपके राहिले आणि खांब मी बिघडवला.

गुरुजी बंगईवर बसून हे पाहत होते. काही बोलले नाहीत. आत गेले आणि एक भिंग अन् एक चुंबक घेऊन आले. "शाळेतल्या पेटीतलं आहे," म्हणाले. "निवृत्त होताना एवढंच आणलं. पाहा बरं जरा."

भिंगातून काय दिसलं

ओट्याच्या फळीवरचा डाग भिंगाखाली धरला तर तो डाग उरलाच नाही. काळ्या-हिरवट धाग्यांचं विणकाम होतं ते, मध्ये मध्ये भुकटीसारखे पुंजके. ही बुरशी. खांबावरचा ठिपका मात्र वेगळाच. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यात एक कडक, तांबूस कण रुतलेला, आणि त्याच्याभोवती काळं वलय. गुरुजींनी एक कण नखाने उकरून चुंबकाजवळ नेला. कण टुणकन चिकटला.

लोखंड. खांबावर, जमिनीपासून चार फुटांपर्यंत.

मग सूनबाईंना आठवलं. मे महिन्यात जिप्सी आत घ्यायला मोठं फाटक करून घेतलं होतं, आणि वेल्डिंगवाल्याने ते इथेच, पायऱ्यांसमोर बसून ग्राइंडरने घासलं होतं. ठिणग्या खांबावर उडाल्या. उन्हाळ्यात कुणाला दिसल्या नाहीत. जूनमध्ये पाणी लागलं आणि एकेका कणाने आपल्याभोवती काळं काढायला सुरुवात केली.

हे आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकलं की शाई होते, हे आमच्या आजोबांना माहीत होतं. हिरड्यात जे तुरट द्रव्य असतं, टॅनिन, ते कमीजास्त प्रमाणात बऱ्याच लाकडांत असतं. बाभळीच्या सालीत तर इतकं, की त्यावर कातडं कमावतात. लोखंड, पाणी आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो आणि तो लाकडात मुरतो. हायपोने तो जायचा नाही, कारण तिथे मारायला जिवंत असं काही नाहीच.

त्यानंतर मी शहाण्यासारखं वागलो. पोरांचा खडू घेतला, सगळ्या लाकडावर मिळून आठ ठिकाणी गोल काढले आणि प्रत्येक गोलात ताज्या हायपोचे दोन थेंब टाकले. ताज्या हा शब्द महत्त्वाचा आहे. हायपो पडल्या पडल्या कमजोर होतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुकानाच्या माळ्यावर राहिलेल्या डब्यात बहुतेक पाणीच उरतं. तसल्या डब्याने चाचणी केली तर बुरशीचा डागही हलत नाही आणि माणूस भलत्याच निष्कर्षाला येतो.

फळ्यांवरचे गोल मिनिट-दोन मिनिटांत उजळले. ती बुरशी. खिळ्यांभोवतीचे आणि कठड्यावरचे ओघळ तसेच राहिले. ते लोखंड. दक्षिणेकडच्या फळीची राखाडी कळा थोडी उघडली, पण पूर्ण गेली नाही. तिथे उन्हाने वरचा थर जळला होता आणि त्यात थोडी बुरशी बसली होती. आठवा गोल उत्तरेकडच्या खांबाच्या बुडाशी होता. तिथे थेंब टाकायला वाकलो, टेकू म्हणून पेचकस लावला, तर तो अर्धा इंच सरळ आत गेला. अशा वरवरच्या बुरशीने लाकूड काळं होतं, पण त्याची ताकद फारशी जात नाही. पेचकस आत जातो ते कुजलेलं लाकूड, आणि त्यावर कुठलंही औषध किंवा स्टेन मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

एका ओट्यावर चार रोग. मी सगळ्यांना एकच गोळी द्यायला निघालो होतो.

साग असून बुरशी कशी

गुरुजींना हा प्रश्न मनाला लागला होता. साग त्यांच्या स्वतःच्या धुऱ्यावरचा, वीसेक वर्षांचा, रीतसर परवानगी काढून तोडलेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली चंद्रपूर जिल्ह्यातून साग गेला, तेव्हापासून इकडे प्रत्येक जण आपल्या धुऱ्यावरच्या सागालाही त्याच तोलाचा समजतो. "सागाले उधई लागत नाही, बुरशी कशी लागन?"

मी त्यांना एक फळी दाखवली. कडेचे दोन इंच कोळशासारखे काळे, मधला पट्टा तपकिरी आणि जवळजवळ स्वच्छ. एकाच फळीवर, एकाच पावसात. सागाची जी कीर्ती आहे ती गाभ्याची. बाहेरचा पांढरट भाग हा झाडाचा जिवंत, रस वाहणारा भाग असतो. त्यात साखर आणि पिठूळ द्रव्य असतं, गाभ्यातलं तेल अन् कडू द्रव्यं नसतात. कोवळ्या झाडात हा पांढरा भाग जास्त. तेव्हा साग असला तरी त्याच्या अर्ध्याअधिक फळ्या बुरशीच्या दृष्टीने आंब्याच्या फळीसारख्याच. बांबूचं तर विचारू नका. त्यात पिठूळ भाग इतका असतो की ओल लागली की चार-आठ दिवसांत कामट्या काळ्या. म्हणून बांबू आधीच टाकणखार आणि बोरिकच्या पाण्यात मुरवून घेतात. या कठड्याच्या कामट्या कुणी मुरवल्या नव्हत्या.

हे झालं एक. दुसरं मला वासावरून कळलं. फळी घासताना ओळखीचा, चटणीसारखा वास येत होता.

"गुरुजी, याला काय लावलं होतं?"

"जवसाचं तेल. घाणीचं, शुद्ध. दिवाळीत तीन हात दिले. इंटरनेटवर परदेशात तेच लावतात म्हणून पाहिलं होतं."

परदेशात लावतात हे खरं. पण तिथेही आता बाहेरच्या लाकडाला नुसतं जवसाचं तेल लावू नये असंच जाणकार सांगतात. घाणीचं कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं, जाड थर असेल तर आठवडे. तोवर त्यावर धूळ बसते. आणि वाळलं तरी ते बुरशीचं खाद्यच. पांढरं लाकूड ही भाकर, वर जवसाची चटणी, आणि पाणी तर आभाळ देतच होतं. पंगत वाढून ठेवल्यावर पाहुणे यायचेच.

तेलावरून एक आठवण देऊन ठेवतो. गुरुजींनी तेल पुसलेली फडकी गोळा करून एका टोपल्यात कोंबली होती आणि दुसऱ्या दिवशी टोपलं गरम लागलं म्हणून उघडलं, तर आतून धूर. नशीब. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून वाळतं, त्यात उष्णता निघते, आणि कोंबलेल्या फडक्यांतून ती बाहेर पडू शकली नाही तर आग आपसूक लागते. अशी फडकी एकेक पसरून वाळवावी, नाहीतर बादलीत पाण्याखाली ठेवावी. पऱ्हाटीचा ढीग शेजारी असलेल्या गोठ्यात तर हे जास्तच सांभाळावं.

पाणी कुठून येत होतं

बुरशी मारणं हे एका सकाळचं काम आहे. ती का आली हे न बघता मारली तर पुढच्या आषाढात हजर. हायपोचा असर मागे राहत नाही, धुतलं की संपलं. लाकडात ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. म्हणून खरं काम ओलीचं होतं, आणि ते या घरात कुणी केलंच नव्हतं.

छपरीला पन्हाळ नव्हती. कवेलूंचं पाणी सरळ ओट्याच्या उत्तर कडेवर पडत होतं, आणि जमिनीवर आपटून चिखलासकट परत उडत होतं. फळ्या एकमेकींना खेटून ठोकलेल्या, मध्ये पोस्टकार्ड जाईना. दिसायला छान, पण पडलेलं पाणी खाली जायला जागा नाही आणि फळी फुगली तर तिला हलायला जागा नाही. ओट्याखाली साप-विंचू शिरू नयेत म्हणून तिन्ही बाजू विटांनी बंद. जंगलाला लागून घर, त्यांची भीती खोटी नव्हती. पण आत वारा शिरेना, आणि फळ्यांचं पोट चार महिने ओलंच. खांब सिमेंटमध्ये गाडलेले, त्यामुळे लाकडाचं कापलेलं तोंड वातीसारखं पाणी ओढत होतं. जुन्या वाड्यांचे खांब दगडी तळखड्यावर का उभे असायचे, ते असा एक खांब बुडातून कापला की कळतं.

मी सूनबाईंना स्वच्छ सांगितलं की हे दुरुस्त न करता मी स्टेन मारणार नाही. त्यांनी तारखा मोजल्या, मग गुरुजींकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "करा."

काम

7 तारखेला गणपती बसले. 8 ला गावातल्या मिस्त्रीला घेऊन आम्ही फळ्या उचलायला लागलो. सब्बल आणि जंबूर लावून एकेक खिळा काढला. प्रत्येक खिळ्याभोवती रुपयाएवढं काळं वर्तुळ. सगळे साधे लोखंडी खिळे. ते परत वापरले असते तर डाग काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू चंद्रपूरहून मागवले. ते महाग पडतात हे खरं. या एका खर्चावर सूनबाईंनी घासाघीस केली आणि या एकाच खर्चावर मी ऐकलं नाही.

9 तारखेला बुरशीचं धुणं. फळ्या मोकळ्या होत्या त्याचा फायदा झाला, दोन्ही अंगं धुता आली. एक भाग हायपो, तीन भाग पाणी, चमचाभर कपडे धुण्याची पावडर, तीही अमोनिया नसलेली. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. तुळस आणि मोगरा आधी पाण्याने भिजवून वर पोतं टाकलं. गाईची टाकी झाकली. फळीला लावायचं, दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, आणि मग नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासायचं. तारेचा ब्रश मुळीच नाही, त्याच्या तारांचे तुकडे लाकडात राहतात आणि मग ग्राइंडरचीच गोष्ट पुन्हा. शेवटी भरपूर पाणी.

बुरशी मेल्याशिवाय लाकूड घासायचा पेपर कोरडा मारायचा नाही, हेही इथेच सांगतो. नाहीतर बीजाणू धुरळ्याबरोबर घरभर होतात आणि आपल्या छातीतही जातात.

मध्येच दोन सल्ले आले. जिप्सीचा ड्रायव्हर म्हणाला, गाडी धुवायच्या प्रेशरच्या पंपाने मारतो, अर्ध्या तासात साफ. मी त्याला एका टाकाऊ फळीवर मारू दिलं. मऊ भाग उडून गेला, कडक रेषा वर राहिल्या आणि फळी धुणं आपटायच्या दगडासारखी खरबरीत झाली. त्याने पंप गुंडाळला. ग्रामपंचायतीतल्या एकाने विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर सुचवली. बुरशी त्यानेही मरते, पण त्यातला चुना लाकडाच्या रेषांत पांढरा बसतो आणि स्टेनखालून दिसतो.

10 तारखेला घरात महालक्ष्म्या येणार होत्या, त्यामुळे आम्हाला सकाळचाच वेळ. लोखंडाच्या डागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिड आणलं होतं. फरशी पॉलिशवाल्यांकडे त्याचे पांढरे खडे मिळतात, साखरेसारखे दिसतात, म्हणून डबा स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू नये, विषारी आहे. लिटरभर कोमट पाण्यात तीस-चाळीस ग्रॅम.

इथे एक गोष्ट घडता घडता राहिली. माझ्या हाताखालच्या पोराने आदल्या दिवशीची हायपोची बादली तशीच घेतली, तळाशी पेलाभर उरलेलं, आणि त्यात ॲसिडचं पाणी ओतायला वाकला. मी ओरडलो म्हणून थांबला. हायपो आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद जागेत तो माणसाला आडवा करतो. बादली वेगळी, ब्रश वेगळा, आणि मधे लाकूड दोनदा धुतलेलं. माझी एवढी एकच कडक अट असते, आणि ती मी त्या दिवशी सकाळी तोंडाने सांगायला विसरलो होतो.

खांबावर ॲसिड लावलं आणि गुरुजींना बोलावलं. ते भिंग घेऊनच आले. ठिपक्याभोवतीचं काळं वलय आधी निळसर झालं, मग कडेने विरत गेलं, आणि पाच-सात मिनिटांत तिथे सागाचा पिवळसर रंग दिसायला लागला. मधला कण मात्र तसाच. मिस्त्रीच्या टोच्याने गुरुजींनी स्वतः बसून ते कण उकरले, दोन दुपारी. मी म्हटलं राहू द्या, पेपरने निघतील. म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा." चुंबकाला चिकटलेले कण त्यांनी एका बाटलीत भरून ठेवले.

बंगईसाठी मी ऑक्सिजनवालं ब्लीच, सोडियम परकार्बोनेट, मागवलं होतं. ते पाच दिवसांनी पोचलं. हायपोपेक्षा हे लाकडाशी सौम्य वागतं, झाडांनाही फारसा त्रास नाही, आणि पुढच्या वेळी सगळा ओटा मी यानेच करीन. पण ते खाराच्या, म्हणजे अल्कलीच्या जातीचं, आणि खाराने साग काळवंडतो. बंगईची फळी धुतल्यावर चहासारखी झाली तेव्हा सूनबाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता. वरून हलकं ऑक्झॅलिक फिरवलं, फळी सोन्यासारखी उघडली, आणि त्या काही न बोलता आत गेल्या.

वाळवण

इथून पुढे करण्यासारखं काही नव्हतं आणि तोच भाग सगळ्यात अवघड गेला. कुजलेला खांब मिस्त्रीने फूटभर कापून खाली दगड बसवला. पन्हाळ लागली. विटांच्या बांधणीत भोकं ठेवून आतून बारीक जाळी मारली, वारा जाईल पण साप जाणार नाही अशी. फळ्या मधे पाच-सहा मिलिमीटर फट ठेवून परत बसवल्या. आणि मग वाट पाहत बसलो.

माझ्याकडे ओल मोजायचं छोटं मीटर आहे, दोन सुया टोचायचं. ते बहुतेक परदेशी लाकडाच्या हिशोबाने बनवलेलं असतं, त्यामुळे सागावरचा आकडा अगदी देववाक्य मानू नये. पण आज किती, चार दिवसांनी किती, एवढं त्यावरून नक्की कळतं. धुण्याच्या दुसऱ्या दिवशी 27. चार दिवसांनी 21. मग पाऊस आला आणि तिथेच अडकलं. 20 तारखेला दक्षिणेकडच्या फळ्या 16 वर आल्या, उत्तरेकडच्या 20 च्या खाली जाईनात. स्टेन लावायला मला पंधराच्या आसपास पाहिजे असतं.

21 ला सूनबाई म्हणाल्या की दुसरा एक पॉलिशवाला दोन दिवसांत चकाचक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारून द्यायला तयार आहे. मी त्यांना दोष देत नाही. बुकिंग त्यांचं, पाहुण्यांचे फोटो त्यांच्या ओट्याचे. पण ओल्या लाकडावर पीयूचा काचेसारखा थर म्हणजे आतली ओल आत कोंडणं. त्यातून पायदळी आणि पावसात येणाऱ्या फळीवर तो थर कुठेतरी तडकतोच. तड्यातून पाणी शिरतं, बाहेर निघत नाही, आणि बुरशी थराच्या खाली वाढते. तिथे ना हायपो पोचत ना ब्रश. सगळं खरवडून काढावं लागतं.

हे मी बोललो, पण पटलं ते गुरुजींच्या प्रयोगाने. पारदर्शक पॉलिथिनचे दोन तुकडे घेऊन त्यांनी एक दक्षिणेच्या फळीवर आणि एक उत्तरेच्या फळीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेचं पॉलिथिन कोरडं. उत्तरेच्या आतून थेंबच थेंब, झाकणाखालच्या भातासारखे. सूनबाईंनी ते बोटाने टिचकी मारून पाहिलं. मग पीयूचा विषय निघाला नाही.

24 तारखेला कोरड्या भागावर 80 नंबरचा पेपर मारला. त्याहून बारीक मी बाहेरच्या लाकडाला वापरत नाही. फळी गुळगुळीत होते, पण तिची भोकं बुजतात आणि स्टेन आत जात नाही, वरच राहतो. नंतर जागोजागी पाण्याचे थेंब टाकले. जिथे थेंब मुरला तिथे ठीक. दोन फळ्यांवर मोत्यासारखा उभा राहिला, म्हणजे जवसाचं तेल अजून शिल्लक. त्या थिनरने पुसून पुन्हा पेपर.

स्टेन घेतला तो तेलाच्या आधाराचा, लाकडात मुरणारा, बुरशीनाशक घातलेला आणि थोडा रंग असलेला. रंगाला महत्त्व आहे, कारण ऊन अडतं ते त्याच्या कणांनी, पारदर्शक मालाने तेवढं अडत नाही. सकाळी ऊन चढायच्या आधी पातळ हात दिला, पंधरा मिनिटांनी वर राहिलेला माल फडक्याने पुसला, फळ्यांची कापलेली तोंडं दोन-तीनदा भिजवली. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. एवढंच. सगळ्या कामात स्टेनचा भाग इतकाच होता.

1 ऑक्टोबर आणि नंतर

पहिले पाहुणे आले तेव्हा ओटा दोन रंगांचा होता. दक्षिणेकडे मधासारखा, उत्तरेकडे उघडा, फिकट. मला ते बघून बरं वाटत नव्हतं, पण उत्तरेकडचं मीटर 18 दाखवत होतं आणि माझा हात चालेना. नागपूरच्या एका कुटुंबाने विचारलं, हे अर्धवट का? गुरुजींनी त्यांना भिंग, चुंबक आणि कणांची बाटली दाखवत जो तास घेतला त्यात त्यांची दुपारच्या सफारीची जिप्सी पाच मिनिटं थांबली.

उरलेला भाग दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केला. तोवर मीटर 12 वर आलं होतं आणि एका सकाळीत काम झालं. बिघडलेल्या खांबाची लव मी पेपरने काढली, तरी त्या जागी स्टेन जास्त पिऊन गडद झाला. तो डाग आजही दिसतो, मला तरी दिसतो.

2025च्या श्रावणात त्या बाजूला गेलो होतो तेव्हा मुद्दाम थांबलो. फळ्या ठीक होत्या. रंग उन्हाने थोडा उतरला होता, दिवाळीनंतर एक हात लागेल. बांबूच्या कामट्या पुन्हा काळ्या झाल्या होत्या. त्या बदलायच्या असं ठरलं होतं, पण कुणी बदलल्या नाहीत. आणि ओट्यावर, बरोबर मधोमध, ताटाएवढं एक काळं वर्तुळ. वर मनीप्लांटची कुंडी ठेवली होती, तिच्या बुडाखालची ओल वाळत नव्हती.

सूनबाईंनी मी विचारायच्या आत कुंडी उचलली, आतून हायपोचा डबा आणला आणि वर्तुळावर दोन थेंब टाकून घड्याळाकडे पाहायला लागल्या. डब्यावर स्केचपेनने तारीख लिहिलेली होती, जुलैची.